चंदीची बादली दिसली की घोडी अंगावर येते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची घोडी मारवाडी, कुमैत रंगाची, सहा वर्षांची. दीड वर्षापूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. एरवी इतकी गुणी की माझी नऊ वर्षांची मुलगी तिला खरारा करते, नुसता हात लावला तरी पाय उचलून देते. गेले दोन महिने मात्र चंदीच्या वेळी तिचं रूपच बदलतं. बादलीची कडी वाजली की कान मानेला चिकटतात, दात दाखवत पुढे येते, मागचा पाय पत्र्यावर आपटते. मंगळवारी तिने गड्याचा दंड धरला. कातडी फुटली नाही, पण दातांची अख्खी रांग निळी उमटली आहे. तेव्हापासून मुलीला तबेल्यात पाठवत नाही. ती रोज विचारते, काय सांगू?

खाणं असं: सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन-दोन किलो चंदी, म्हणजे भरडलेला हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा. कडबा संध्याकाळी चंदीनंतर, चारेक किलो. पावसाळ्यात दिवसभर बांधावर चरायची, आता ते बंद. दोन महिन्यांपूर्वीच एक काठेवाडी शिंगरू आणलं, तेही शेजारीच बांधतो, मध्ये एकच बांबू.

मामा म्हणतात, दोन चाबूक ओढ, सुतासारखी सरळ येईल. माझा हात उचलत नाही. गडी आता लांबूनच बादली गव्हाणीत ओततो आणि पळतो. ही खोड आहे की तिला काही दुखतंय, कसं ओळखायचं?

प्रतिसाद

दादा, चाबूक नकोच. तुमचं वेळापत्रक वाचूनच मला तिची दया आली. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास सुटत असतं. ते शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. तुमची घोडी सकाळच्या चंदीनंतर संध्याकाळपर्यंत रिकाम्या पोटी उभी असते. चारशे किलोच्या जनावराला सुकी वैरणच सहा ते आठ किलो लागते, तीही दिवसभरात तीन-चार वेळा विभागून. आधी वैरण, तिचं तोंड चालू झालं की मगच चंदी. चंदी निम्मी करा, पण आठ-दहा दिवसांत हळूहळू. एकदम बदल केलात तर पोटशूळ उठेल.

शिंगराला तिच्या नजरेआड बांधा. ताटावर कोणी येईल ही भीती तिला आहेच.

आणि गड्याला सांगा, कान पाडलेले असताना बादली ओतायची नाही. आत्ता ती धावते आणि लगेच चंदी मिळते, म्हणजे धावायला आपणच शिकवतोय. कुंपणाबाहेर, तिचं तोंड पोहोचणार नाही इतकं लांब, गप्प उभं राहायचं. कान क्षणभर जरी पुढे आले तरी त्याच क्षणी ओता. पहिले काही दिवस ती जास्तच थयथयाट करेल, तेव्हा हार मानू नका.

पोट दुखतंय की दात, याचा अंदाज यावा म्हणून एक विचारतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना काय करते? दाणे तोंडातून सांडतात का?

धागाकर्ता

मनापासून आभार. दाणे सांडत नाहीत. पण तंग आवळताना महिनाभर ती वळून चावायला बघते. मी त्याला नखरा समजत होतो, आता वाईट वाटतंय. डॉक्टरांना उद्या सकाळी बोलावलं आहे. आम्लाने पोटात जखमा झाल्यात का ते आणि दात, दोन्ही तपासायला सांगेन. शिंगरू आत्ताच गोठ्याच्या पलीकडे हलवलं आणि घोडीपुढे तीन किलो कडबा टाकून आलो. मी दाराशी उभा होतो तरी तिने कान पाडले नाहीत.

एवढंच सांगा, डॉक्टर येईपर्यंत आज रात्रीची चंदी द्यावी की नुसत्या कडब्यावर ठेवावी?