पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावं? – अनुभव धागा, कोकण विभाग

दात पडला की विचारणा ठरलेली असते: "फिक्स बसवू, कवळी करू, की स्क्रूवाला?" उत्तर मात्र तोंडागणिक बदलतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत दातांचं काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःच्या हकिगती नकोत. मापं, महिने, सुटे भाग, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. गावातल्या माणसाला दुरुस्तीसाठी दोन एसट्या बदलाव्या लागतात, हेही ध्यानात ठेवून लिहा.

दंतवैद्य, चिपळूण

आधी रिकाम्या जागेबद्दल. जागा तशीच ठेवली तर शेजारची दाढ तिच्यात कलते आणि समोरच्या जबड्यातली दाढ खाली किंवा वर सरकते. मग नवा दात बसवायला उंचीच उरत नाही. सगळ्यात मागची दाढ गेली असेल, समोरची जागेवर असेल आणि चावायला अडचण नसेल, तर काही न बसवताही चालतं. तिथे उगाच खर्च करू नये.

ब्रिजला, म्हणजे फिक्स दातांना, सहसा तीन कॅप (दातावर बसणारी टोपणं) लागतात: दोन शेजारच्या दातांवर आणि मधला टांगलेला. धातूवर सिरॅमिक चढवायचं असेल तर दोन्ही शेजाऱ्यांचा माथा साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजू सव्वा-दीड मिलिमीटर घासाव्या लागतात. घासलेला दात परत येत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचं आधीच रूट कॅनाल झालं असेल, मोठी सिमेंटं भरली असतील, तर ब्रिज योग्य. दोन्ही दात धडधाकट असतील तर मी ब्रिज सुचवत नाही.

ब्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा कॅपच्या कडेला लागलेल्या किडीने. एका टोकाचं सिमेंट सुटलं तरी दुसऱ्या टोकामुळे ब्रिज जागेवर राहतो, दुखत नाही आणि आत दात सडतो. ओळखायची खूण: बोटाने दाबल्यावर कडेला लाळेचे बुडबुडे येतात, तोंडात घाण चव येते. ब्रिजखालून रोज रात्री कडक टोकाचा सुपरफ्लॉस (दात साफ करायचा जाडसर दोरा) ओढायचा. नुसत्या ब्रशने तिथला भात निघत नाही.

डेंटल लॅब तंत्रज्ञ, रत्नागिरी

काढ-घाल करायच्या दातांत तीन जाती. अ‍ॅक्रिलिकची प्लेट सुमारे दोन मिलिमीटर जाड, स्वस्त, तुटली तर जोडता येते आणि पुढे आणखी दात पडला तर त्याच प्लेटमध्ये वाढवता येतो. ओतीव धातूची प्लेट (कोबाल्ट-क्रोम) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ असते आणि तिचे छोटे टेकू शेजारच्या दातांवर बसतात, त्यामुळे चावण्याचा भार एकट्या हिरडीवर येत नाही. हाच तिचा मोठा गुण.

तिसरी फ्लेक्सिबल. दिसायला छान, तार दिसत नाही, म्हणून मागणी फार. पण नायलॉन दाताला रसायनाने चिकटत नाही. दाताला भोकं पाडून त्यात तो अडकवलेला असतो. दात उचकटला की दुरुस्ती अवघड, आतून नवा थर देणंही अवघड. मागच्या दाढा घालून रोज चावलं तर ती हिरडीत रुतत जाते. पुढच्या एका-दोन दातांपुरती ठीक.

तुटलेली कवळी झटपट गोंदाने चिकटवून पाठवू नका. कडा एकदा वाकड्या जुळल्या की आम्हाला त्या घासून टाकाव्या लागतात आणि मूळ बसणी हरवते. दोन्ही तुकडे सुके पुसून, कापडात गुंडाळून द्या.

दवाखान्यातली मदतनीस, गुहागर

नवी कवळी टोचते म्हणून दोन दिवस काढून ठेवून येऊ नका. येण्याच्या आदल्या दिवसापासून घाला, तरच हिरडीवरचा लाल डाग दिसतो आणि नेमकं तेवढंच घासता येतं. घरी कानस लावू नका. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बदलतो. रात्री पाण्यात ठेवा. वरच्या कवळीने टाळू झाकला की काटा कळत नाही. पेडवे किंवा बांगडा खायचा तर मासा आधी हाताने उकलून घ्या.

इम्प्लांट करणारी दंतवैद्य, कुडाळ

इम्प्लांट म्हणजे स्क्रूवाला दात. त्याचे भाग तीन: हाडातला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा खुंट), वर कॅप. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर सुटलंच पाहिजे. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी दिसत नाही, म्हणून सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) मागा. दात काढल्यावर पहिल्याच वर्षी ही रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून दात काढायच्या दिवशीच पुढचं ठरवा.

मिशेरी आणि सुपारी यांचं आधी विचारून घ्यावं लागतं. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरत नाही. वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंड आखडलं असेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल उभं धरायलाच जागा मिळत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) सातच्या आत असलेलं बरं, आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ झाल्याबद्दलची वर्षातून एकदाची इंजेक्शनं चालू असतील तर दात काढण्याआधीच सांगा.

कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेला असं नव्हे. बहुधा अबटमेंट धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू सैल असतो, तो ठरलेल्या जोराने, साधारण ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर, पुन्हा आवळता येतो. त्याला त्याच कंपनीचा ड्रायव्हर लागतो. म्हणून कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबरचा स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या. मुंबईत बसवलेला इम्प्लांट वेंगुर्ल्यात आवळायचा तर हे कार्डच कामाला येतं.

कृत्रिम दात शिकवणारे, खेड

पूर्ण कवळीत वरची चांगली धरते, खालची नाचते. टाळूमुळे वरच्या कवळीला मिळणारी ओढ खाली मिळत नाही आणि खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. अशांना सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी बसणारी कवळी हा उत्तम मार्ग आहे. २००२ साली मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं सुचवलं. कवळीतल्या नायलॉनच्या रिंगा झिजतात. कवळी सैल वाटली की त्या बदलायच्या. इम्प्लांटला हात लावावा लागत नाही.

पुन्हा दंतवैद्य, चिपळूण

चाकरमान्यांसाठी वेळापत्रक. गणपतीच्या सुट्टीत इम्प्लांट सुरू करून त्याच सुट्टीत दात मागू नका. हाडाला खाली दोन-तीन महिने, वर चार ते सहा महिने लागतात. शिमग्याला आलात की स्क्रू बसवा, टाके निघेपर्यंत आठ-दहा दिवस थांबा, आणि गणपतीला माप देऊन कॅप लावून घ्या. मधल्या काळात पुढचा दात दिसायला हवा असेल तर साधी अ‍ॅक्रिलिक प्लेट घाला. पण ती स्क्रूच्या जागी आतून पोकळ करून घ्या, नाहीतर प्लेटचा दाब स्क्रूवर येऊन तो हलतो.