घरच्या बीअरला दवाखान्याचा वास येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुक्काम डॅलसच्या उत्तरेकडचं एक उपनगर. नोव्हेंबरपासून गॅरेजमध्ये बीअर करतोय. साधी पेल एल, एका घाण्याला १९ लिटर. सहा घाणे झाले, त्यातले तीन बिघडले आणि तिन्ही अगदी एकसारखे. जखमेवरची चिकटपट्टी सोलल्यावर येतो ना, तसा वास. त्यात थोडं डेटॉल, थोडं दातांच्या डॉक्टरकडचं लवंगतेल. पहिल्या घोटाला नाकातच भरतो. बायको म्हणते, सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून प्यायल्यासारखं वाटतं.

आतापर्यंतची कुंडली अशी:
नोव्हेंबर, डिसेंबर: डब्यातला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) पाक आणि दुकानातून आणलेलं जारचं पाणी. दोन्ही उत्तम.
जानेवारी: पहिल्यांदाच पाकाऐवजी धान्य भिजवून केली, पाणी नळाचं. वास.
मार्च: तीच कृती, तेच नळाचं पाणी. झकास! आतापर्यंतची सगळ्यात चांगली.
एप्रिल आणि मे: पुन्हा वास.

यीस्ट यूएस-०५, कपाटात २० अंशांच्या आसपास. गुरुत्व (द्रवाची घनता, साखर आंबत जाते तशी उतरते) १.०५० वरून १.०११ वर येऊन थांबतं, म्हणजे आंबण्यात गडबड दिसत नाही. एप्रिलनंतर मी सगळ्या नळ्या, तोटी आणि आंबवायची बादलीसुद्धा नवी आणली. ९० डॉलर गेले, वास आहे तिथेच.

पाण्याचा संशय येईल म्हणून आधीच सांगतो. मी मूळचा सोलापूरचा, आदल्या रात्री पाणी भरून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही. दर वेळी पातेलं रात्रभर उघडं ठेवतो, क्लोरीन उडून जातो. आणि मार्चमध्ये तर नळाला पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास होता, तरी तोच घाणा चांगला झाला. त्यामुळे पाणी नसावं. मग काय? जंतुसंसर्ग? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नुसताच_वाचक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बिघडलेली बीअर टाकू नका, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

डोंबिवलीकर:
संसर्गच. सगळं ब्लीचमध्ये रात्रभर बुडवा, बाटल्यांसकट. आमच्याकडे द्राक्षाच्या वाइनला असंच झालं होतं.

भट्टीकर:
ब्लीच अजिबात नको! का ते खाली येईलच.

आधी संसर्गाचं बघू. रानटी यीस्ट शिरलं तर लवंगेसारखा वास येतो हे खरं. पण मग ते यीस्ट शेवटची साखरही खात बसतं, गुरुत्व १.०११ वर न थांबता आणखी खाली घसरतं, बीअर पाणचट होते आणि महिन्याभराने बाटली उघडली की फेस छताला लागतो. असं होतंय का? आणि वास सगळ्या बाटल्यांना सारखाच आहे की कमीजास्त? पहिल्यांदा कधी जाणवला?

धागाकर्ता:
फेस वगैरे काही नाही. सगळ्या बाटल्या सारख्याच. चौथ्या दिवशी गुरुत्व मोजायला नमुना काढला तेव्हाच वास होता, नंतर वाढलाही नाही की कमीही झाला नाही.

भट्टीकर:
मग संसर्ग सोडून द्या. चौथ्या दिवशी इतका जोर आणि पुढे जैसे थे, हे जंतूंचं काम नव्हे.

तुमचा हा वास क्लोरोफेनॉलचा. धान्याच्या टरफलातून फिनॉल नावाची रसायनं उतरतात, त्यांना पाण्यातला क्लोरीन भेटला की हे तयार होतं. अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतं. ब्लीचने धुतलेली बादली नीट विसळली गेली नाही तरी हेच होतं, म्हणून वर ओरडलो.

आता तुमचा मार्च. मला तर त्या मार्चमध्येच उत्तर दिसतंय. टेक्सासमधल्या बऱ्याच शहरांत पाण्यात नुसता क्लोरीन नसतो, त्यात अमोनिया मिसळून केलेलं क्लोरामाइन असतं. लांबवरच्या नळांत ते जास्त दिवस टिकतं, म्हणूनच ते वापरतात. त्याला वास फारसा येत नाही. पण टिकतं म्हणजे तुमच्या पातेल्यातही टिकतं! रात्रभर उघडं ठेवा, ७५ अंशांपर्यंत तापवा, ते काही हलत नाही.

अडचण एवढीच की अमोनियावर जगणारे जंतू हळूहळू नळांत घर करतात. त्यांना हुसकायला वर्षातून काही आठवडे अमोनिया बंद ठेवून नुसता क्लोरीन सोडतात. तुमच्या उत्तर डॅलसच्या पट्ट्यात हे दर मार्चमध्ये होतं. म्हणून तेव्हा नळाला तलावाचा वास. पण नुसता क्लोरीन उडून जाणारा, तो तुमच्या सोलापुरी सवयीने रात्रीत गेला. म्हणजे ज्या महिन्यात पाण्याला वास होता त्याच महिन्यात भांड्यातलं पाणी स्वच्छ होतं, आणि बाकी महिन्यांत बिनवासाच्या पाण्यात क्लोरामाइन तसंच बसलेलं.

धागाकर्ता:
अरे देवा. मी नेमकं उलटं धरून बसलो होतो. आणि नवी बादली आणली ती वेगळीच.

उपाय? दर वेळी ३० लिटर पाणी विकत आणायचं म्हणजे पाठीचा खुर्दा.

भट्टीकर:
कॅम्पडेनची गोळी. मेटाबायसल्फाइट असतं, बीअरच्या सामानाच्या दुकानात शंभराची पुडी स्वस्तात मिळते. एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, तुम्हाला अर्धी भरपूर झाली. चुरडून पाण्यात ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग धान्य. क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही मरतात. भिजलेलं धान्य नंतर ज्याने धुता ते पाणीही विसरू नका, लोक तिथेच चुकतात. चुरडताना पूड हुंगू नका, दम्याचा त्रास असेल तर विशेष जपून.

पण माझ्यावर विश्वास ठेवून पुन्हा १९ लिटर करू नका. चार-चार लिटरचे दोन घाणे लावा. तेच धान्य, तेच यीस्ट, तोच दिवस, एकात गोळी, दुसऱ्यात नाही.

आणि एक, गॅरेजमध्ये पाणी कशाने भरता? बागेचा हिरवा पाइप असेल तर तो आधी बाद करा. त्याचा स्वतःचा वास पाण्यात उतरतो.

धागाकर्ता:
(हिरवाच आहे.)

म्युनिककर:
धागा थोडा पळवतो, माफी. माझ्या लागरला पादेलोणासारखा वास येतोय, १२ अंशांवर आठवा दिवस. मलाही गोळी लागेल का?

भट्टीकर:
नाही, तुम्हाला फक्त धीर लागेल. थंडीत काम करणारं लागरचं यीस्ट गंधक सोडतंच. वायूबरोबर तो निघून जातो. झाकण उघडून हुंगत बसू नका, आठवडाभर विसरा. उकडलेल्या कणसाचा वास असता तर मात्र म्हटलं असतं की उकळताना झाकण ठेवलं होतं का. पिल्सनर माल्टला पूर्ण तासभर उघड्यावर खळाळून उकळी हवी आणि नंतर झटपट थंड करायला हवं.

पुण्याचा_पाहुणा:
छान चर्चा, वाचनखूण साठवली. हे पुण्यात फ्लॅटमध्ये करता येईल का?

भट्टीकर:
करता येईल, पण परवान्याशिवाय करू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन करमाफ आहेत, म्हणून आम्ही इथे बिनधास्त गप्पा मारतोय. तुमच्याकडे मायक्रोब्रुअरी आहेत की, तिथे जा आणि दुसऱ्याने घासलेल्या भांड्यातली प्या.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
निकाल द्यायला आलोय. चार-चार लिटरचे दोन घाणे लावले. पाइप फेकला, दोन्हींसाठी पाणी स्वयंपाकघरातून बादलीने वाहिलं. बाराव्या दिवशी दोन्हींतला थोडा नमुना सारख्या पेल्यांत काढला, तळाला खूण केली आणि बायकोपुढे ठेवले. काही सांगितलं नाही. तिने एक उचलला, लगेच दूर धरला आणि म्हणाली, "हा व्हरांडा." तळ पाहिला, बिनगोळीचा. दुसरा मात्र तिने संपवला आणि आणखी आहे का विचारलं.

भट्टीकर, दंडवत स्वीकारा. आता शेवटचा प्रश्न. एप्रिल-मेच्या सत्तरेक बाटल्या उरल्यात. ठेवल्या तर मुरून वास जाईल का?

भट्टीकर:
नाही जाणार. वर्षाने उघडलीत तरी तिथेच असेल. ओता आणि बाटल्या वाचवा, रिकाम्या बाटल्यांना बाजारात काय भाव आहे माहीत आहे ना?

नुसताच_वाचक:
थांबा, ओतू नका! उथळ झाकणात घालून बागेत ठेवा, गोगलगायी येऊन पडतात. आमची तुळस त्यानेच वाचली.

धागाकर्ता:
काल रात्री चार झाकणं ठेवली. सकाळी अकरा गोगलगायी. एकीनेही वासाची तक्रार केलेली नाही.