समुद्रावरच्या लढाऊ विमानाला हवेने थंड होणारं इंजिनच बरं

वेंगुर्लेकर:
वास्कोच्या नौदल विमान संग्रहालयात फायरफ्लाय आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही दोन्ही विमानं पाहायला मिळतात. फायरफ्लायचं ग्रिफॉन इंजिन ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याने थंड व्हायचं, कॉन्स्टेलेशनची चारही राइट इंजिनं वाऱ्यावर. पिस्टन इंजिनांच्या जमान्यात समुद्रावर उडायला यातलं कोणतं योग्य, यावर माझं मत ठाम आहे. हवेवालं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटर, नळ्या, पंप, कुठेही एक गोळी लागली की पाणी गळतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. खाली पाणीच पाणी असताना उतरायचं कुठे? अमेरिकन नौदलाने हेलकॅट आणि कॉर्सेअर दोघांनाही १८ सिलिंडरचं, हवेने थंड होणारं आर-२८०० बसवलं ते उगाच नाही.

हवेच्या इंजिनाने वेग जातो म्हणणाऱ्यांनी टेम्पेस्ट हे ब्रिटिश लढाऊ विमान बघावं. मार्क ५ ला पाण्याचं सेबर इंजिन आणि नाकाखाली भलामोठा रेडिएटर. मार्क २ ला हवेचं सेंटॉरस. रेडिएटर गेला, पण वेग काही घटला नाही. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या हवाई दलाने हेच मार्क २ वापरलं.

दापोलीकर:
साफ असहमत. तुम्ही इंजिन बदलल्याचा एक दाखला दिलात, उलटाही आहे. जर्मनीच्या फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाला आधी हवेचं बीएमडब्ल्यू ८०१ होतं, त्याला वारा पुरवायला पुढे वेगळा पंखा लावावा लागला. उंचावर ते दमायचं. डी-९ प्रकारात पाण्याचं युमो २१३ आलं आणि उंचीवरची कामगिरी सुधारली.

रेडिएटर म्हणजे निव्वळ ओझं, हाही गैरसमज. आत तापलेली हवा फुगते. ती निमुळत्या तोंडातून मागे सोडली की थोडा रेटा मिळतो आणि रेडिएटरने केलेल्या अडथळ्याची बरीचशी भरपाई होते. ब्रिटनच्या मेरेडिथने १९३० च्या दशकात हे गणित मांडलं, मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाने पोटाखालच्या रेडिएटरमध्ये ते वापरून दाखवलं.

आणि हवेवाल्यांचे हाल आपल्याच देशात झालेत. १९४४ मध्ये खरगपूर परिसरातून उडणाऱ्या अमेरिकन बी-२९ बॉम्बर विमानांची आर-३३५० इंजिनं बंगालच्या उन्हात भयंकर तापत. मागच्या रांगेतल्या सिलिंडरना पुरेसा वारा मिळत नसे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत, आगी लागत. तुमच्या कॉन्स्टेलेशनला त्याच घराण्यातलं इंजिन आहे.

वेंगुर्लेकर:
बी-२९ चं इंजिन घाईने मैदानात उतरवलं होतं आणि त्यावरचं आवरण फार घट्ट होतं. तो दोष त्या एका इंजिनाचा, पद्धतीचा नव्हे. जपानचं की-६१ हे लढाऊ विमान घ्या. पाण्याच्या इंजिनाने इतका जीव खाल्ला की १९४५ मध्ये त्याच सांगाड्यावर हवेचं इंजिन चढवून की-१०० केलं. वेग थोडा घटला, पण भरवशाचं विमान मिळालं.

मिरकरवाडा:
दादानू, मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो, विमानाची नाही. पण खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलू शकतो. आमच्याकडे इंजिनात गोडं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जातं, तरी गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे झिजतात ते बदलत राहावे लागतात. हवेवाल्या इंजिनाच्या सिलिंडरवरचे उष्णता बाहेर टाकणारे पातळ पत्रेही (फिन) ॲल्युमिनियमचेच. त्यावर मिठाचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुतलं नाही, तर मीठ दोघांनाही खाणारच. म्हणून किनाऱ्याच्या मुद्द्यावर मला तरी कुणी पुढे दिसत नाही.

दापोलीकर:
@मिरकरवाडा, हे नेमकं बोललात. त्यात भर म्हणून तेल घ्या. हवेच्या इंजिनालाही ऑइल कूलर लागतो आणि कॉर्सेअरचे पंखांच्या मुळाशी उघडे होते. त्यात गोळी गेली की तेल संपलं, मग इंजिनही संपलं. शिवाय पूर्ण जोर लावताना हवेच्या इंजिनाला वाचवायला जास्तीचं पेट्रोल आत ओतावं लागतं, ते जळत नाही, फक्त थंडावा देतं. आर-२८०० ला तर लढाईच्या जोरासाठी पाण्याचा फवारा द्यावा लागला. मग पाण्यापासून सुटका कुठे झाली?

वेंगुर्लेकर:
तो फवारा मोजक्या मिनिटांचा, संपला तरी विमान उडतंच. रेडिएटरचं पाणी मात्र सतत लागतं. एखादा सिलिंडर फुटूनही परतलेल्या, आर-२८०० वाल्या थंडरबोल्ट विमानांच्या नोंदी आहेत, मर्लिन या पाण्याच्या इंजिनाचं पाणी गेल्यावर असं परतणं अवघड. ब्रिटिश नौदलानेही पाण्याच्या इंजिनाच्या सीफायरनंतर सी फ्युरी या लढाऊ विमानात हवेचं सेंटॉरसच घेतलं.

दापोलीकर:
घेतलं, पण पाण्याची विमानं लगेच उतरवली नाहीत. १९५० मध्ये कोरियाच्या समुद्रात ट्रायम्फ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून ग्रिफॉनची सीफायर आणि फायरफ्लाय दोन्ही उडत होती. समुद्रावर पाण्याचं इंजिन चालतच नाही असं असतं, तर ती तिथे कशी पोचली?