हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव ल्युमिएर बंधूंसारखा टिपायचाय, कसा?

बंदरकाठ: होड्या लागल्या की बैलगाड्या पाण्यात उतरतात, पाट्या भरून येतात आणि वाळूवरच लिलाव पुकारला जातो. मला हे मोबाइलवर घ्यायचंय. संगीत नको, कटिंग नको. कॅमेरा एका जागी ठेवून पन्नासेक सेकंद, सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये केलं तसं. पण कॅमेरा दिसला की लोक बावरतात, पोरं समोर येऊन नाचतात. त्यांना कसं जमलं?

केळशीचे काका: त्यांनाही आयतं मिळालं नाही, ताई. लियाँच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडतात त्या फितीच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत गाडीच नाही. कारखाना त्यांचाच, त्यामुळे पुन्हा घेता आलं. फिल्म जेमतेम १७ मीटर. दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला सुमारे १६ चौकटी. रीळ लगेच संपणार, म्हणून काय केव्हा घडतं ते आधी बघून ठेवावंच लागे. तुम्हीही आधी नुसत्या जाऊन उभ्या राहा. लोकांना तुमची सवय झाली की पोरंही कंटाळतात.

आणि त्यांचीच दुसरी फीत, फ्रान्समधल्या ला सियोता बंदरातून निघालेली होडी, बघाच. धक्क्यावर बायका-मुलं उभी, माणसं वल्ही मारतायत, आणि बाहेर पडताच लाट होडीला आडवी करते. ती लाट कोणी सांगून आणलेली नाही! मला सगळ्यात जास्त तीच आवडते. कारखान्याच्या फितीपेक्षाही.

मुर्डीची माहेरवाशीण: आपल्याकडे अगदी सुरुवातीला फिती काढणाऱ्या सावेदादांचं नाव घ्यायलाच हवं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली, १९०१ मध्ये केंब्रिजहून गणितातला ‘रँग्लर’ हा मान मिळवून परतलेल्या परांजप्यांचं स्वागत. परांजपे आमच्या मुर्डीचे! ती फीत आज बघायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि सोबत तारीख, होडीचं नाव, पुकारणाऱ्याचं नाव लिहा.

सुरूबन: संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, माणसं नुसती काळी दिसतील. सकाळचा लिलाव घ्या, उजेड पाठीमागून येतो. समोरचा सुवर्णदुर्ग किल्लाही स्वच्छ दिसेल.

बंदरकाठ: काका, ताई, सगळ्यांचे आभार. सकाळीच जाते. १ जूनला मासेमारी बंद होईल, त्याआधी उरकायला हवं. लिलाव पुकारणाऱ्या मावशींना आधी विचारते, त्या हो म्हणाल्या तरच कॅमेरा लावेन.