आमवात आहे, वजन तेवढंच पण मांड्या वाळल्यात, काय करावं?

घरकुलची_लेक: आईसाठी विचारतेय. वय ५८, नऊ वर्षं झाली आमवाताला, रुमॅटॉइडवाला. आयुष्यभर विड्या वळल्या, आता बोटं वाकडी झाल्यात म्हणून ते बंद. मेथोट्रेक्सेट (आमवाताचं औषध) आठवड्यातून एकदा चालू आहे, सूज सध्या बरीच कमी. पण पाटावरून उठायला येईना झालंय, कुकरचं झाकण लावता येईना, मांड्या तर बघवत नाहीत. काट्यावर मात्र ६० किलो, पाच वर्षांपूर्वी होतं तेवढंच! शेजारच्या म्हणायल्यात आराम दे, भांडीपण घासू देऊ नको. कुणाला अनुभव? जुळे सोलापूरकडं फिजिओ कोण चांगलं?

कडक_भाकरी: आराम दिला तर संपलंच की ओ. मला पण आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हाच आमवात) आहे, दोन वर्षं मी तेच केलं, शेवटी जिना चढताना कठड्याला लोंबकळायची वेळ आली. फिजिओचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करते.

फिजिओ_ताई: काट्यावर जाऊ नका. या आजारात आतली सूज स्नायू खाते आणि त्या जागी चरबी येते, म्हणून आकडा हलत नाही. त्यात दुखतंय म्हणून हालचाल कमी, आणि स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस चालली असेल तर तिनंपण स्नायू जातात (मनानं बंद करू नका हं, एकदम बंद केली तर धोका असतो). घरी एक बघा: खुर्चीवरून हात छातीशी घेऊन पाच वेळा उठबस, १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी आहे. मग तीच उठबस व्यायाम म्हणून, आधी खुर्चीवर उशी ठेवून उंच करून. बोटांनी डंबेल धरवत नसेल तर वाळूची पिशवी मनगटाला, घोट्याला बांधायची. आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू वजन वाढवत. जो सांधा गरम, सुजलेला असेल त्याला त्या दिवशी सुट्टी.

रेल्वेलाइन्सवाला: माझ्या मामांनी पहाटे चालायला सुरुवात केली, आपल्याकडं मे महिन्यात आठनंतर बाहेर पडायची सोयच नाही. चालणं पुरेल ना?

फिजिओ_ताई: हृदयाला चांगलं, पण स्नायू वाढवायला वजन लागतंच.

कडक_भाकरी: आणि खाणं! माझं भाकरी-शेंगाचटणीवर चाललेलं, वाटायचं शेंगा आहेत की. पण चटणी खाऊन खाऊन किती खाणार, दोन चमचे. ६० किलोला दिवसाला ६०-७० ग्रॅम प्रोटीन लागतं म्हणाल्या आहारवाल्या बाई, एका अंड्यात ६ येतं, हिशोब करा. आता सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट वरण, रात्री मटकी नाहीतर पनीर. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

घरकुलची_लेक: आत्ताच उठबस करून घेतली. २२ सेकंद लागले, शेवटची तर माझा हात धरूनच. अंडी खाणार नाही म्हणतेय, सोमवार आहे म्हणे. मटकी भिजत घातलीय.