मदत हवी आहे: वहीत चिकटवलेली जुनी बेसबॉल कार्डं

नमस्कार मंडळी,

मी पिट्सबर्गला राहते. शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी बेसबॉल कार्डं (खेळाडूंच्या चित्रांची, जमवायची) माझ्या मुलाला दिली आहेत. दीडशेच्या आसपास असतील. बहुतेक सगळी टॉप्स या कंपनीची, १९५५ पासूनची, आणि निम्म्याहून जास्त इथल्या पायरेट्स संघाच्या खेळाडूंची. विकायची नाहीत, हे आधीच सांगते. मिकी मँटल या प्रसिद्ध खेळाडूचं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं, तेव्हापासून जो तो आधी किंमतच विचारतो.

काही कार्डं काळ्या कागदाच्या वहीत खळीने चिकटवलेली आहेत. नेमकं पायरेट्सच्या रोबेर्तो क्लेमेंतेचं १९५५ चं, म्हणजे त्याचं पहिलं कार्डही त्यातच. पाण्यात भिजवलं की सुटतं असं वाचलं, पण हिंमत होत नाही. कुणी केलंय का?

दुसरा प्रश्न पेन्सिलीचा. १९५७ ते १९६९ पर्यंत टॉप्सने त्याचं नाव 'बॉब क्लेमेंते' छापलं. तो पोर्तो रिकोचा, आणि त्याला 'बॉब' म्हटलेलं आवडत नसे. आजोबांनी शाळकरी वयात एका कार्डावरचं 'बॉब' खोडून पेन्सिलीने 'रोबेर्तो' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, हलक्या हाताने खोडून टाका, ग्रेड (कार्डाच्या स्थितीची श्रेणी) वाढेल. मला ते मुळीच पुसायचं नाही. पण पेन्सिल पुढे फिकी पडू नये म्हणून काय करावं?

१९७३ चं मात्र एकच कार्ड आहे. तेव्हा आजोबा नोकरीला लागले होते, पण क्लेमेंतेचं शेवटचं कार्ड म्हणून त्यांनी मुद्दाम मिळवलं. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने कारकिर्दीतली ३००० वी हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) मारली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. आजोबा अजूनही हे सांगताना मध्येच थांबतात. पायरेट्सच्याच मॅझरॉस्कीचं कार्ड काढलं की मात्र १३ ऑक्टोबर १९६० ची दुपार सुरू होते: वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा सातवा सामना, नववी इनिंग, त्याचा होम रन, न्यूयॉर्कचे यांकीज १०-९ ने गारद! हे सगळं कार्डांबरोबर राहायला हवं. कसं नोंदवावं?

प्रतिसाद १
ओढून अजिबात काढू नका, कार्डाच्या मागचा थर निघून येतो. खळ किंवा डिंक असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुटतो, रबर सिमेंट असेल तर नाही. काळ्या कागदाचा रंगही कार्डाला लागू शकतो. आधी एखाद्या फारशा प्रिय नसलेल्या कार्डावर करून बघा. क्लेमेंतेचं मी तरी सोडवलं नसतं, वहीचं ते पान तसंच सपाट ठेवलं असतं.

पेन्सिल उन्हाने सहसा जात नाही, घासल्याने जाते. ते कार्ड एकट्याने टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) ठेवा, आत मऊ, पातळ प्लास्टिकची स्लीव्ह घाला आणि सारखं आतबाहेर करू नका. बाकीच्यांसाठी पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची, खण असलेली पानं घ्या, मऊ पीव्हीसीची नकोत. १९५७ पासूनचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं, ते नऊ खणांच्या पानात बसतं. तुमच्याकडची १९५५-५६ ची टॉप्स कार्डं मोठी असतात, त्यांना आठ खणांचं पान लागतं. कोंबलीत तर कोपरे दुमडतील.

धागाकर्ती
खूप आभार! वही तशीच ठेवते. पेन्सिलवाल्या कार्डासाठी टॉपलोडर मागवलाय. आठवणींचं मुलाने सुचवलं: प्रत्येक कार्डाच्या मागे क्रमांक असतोच, तर वर्ष आणि तो क्रमांक हेच रेकॉर्डिंगचं नाव. १९७३ चं क्लेमेंतेचं कार्ड ५० नंबरचं आहे, तेव्हा फाइल '१९७३-५०'. शनिवारी आजोबांना चहाला बोलावलंय, सुरुवात मॅझरॉस्कीपासून करतो. आवाज नीट यावा म्हणून साधा, स्वस्त माइक कोणता घ्यावा, तेवढं कुणी सांगा.