मेटॅलिका, मेडन, प्रीस्ट... म्हाताऱ्यांपैकी नवीन अल्बम कुणाचा जमलाय? सांगली-मिरजकर बोला

रिफवाला_विश्रामबाग

मंडळी, गेल्या काही वर्षांत आपल्या हेवी मेटलच्या सगळ्या जुन्या देवांनी अल्बम काढले. आयर्न मेडनचा सेंजुत्सु सप्टेंबर २०२१ ला, मेगाडेथचा २०२२ ला, मेटॅलिकाचा सेव्हंटी-टू सीझन्स एप्रिल २०२३ ला आणि ज्यूडास प्रीस्टचा इन्व्हिन्सिबल शील्ड मार्च २०२४ ला. मी हे सगळे परत परत ऐकलेत कारण रोज सांगलीतून पेठ नाक्याच्या पुढं कामाला जायला लागतं आणि गाडीत दुसरं करणार काय. तर माझं मत आधीच सांगून टाकतो, प्रीस्ट एक नंबर, मेटॅलिका आणि मेडन लांब मागं, आणि कारण एकच, कात्री.

प्रीस्टची ११ गाणी, पन्नासेक मिनिटात विषय संपला. पॅनिक अटॅक सुरू झालं की सरळ शेवटपर्यंत कुठंच बोट नेक्स्टवर जात नाही. मेटॅलिकाचा अल्बम ७७ मिनिटं आणि मेडनचा जवळपास ८२! मेटॅलिकात लक्स एटर्ना साडेतीन मिनिटाच्या आत संपतं आणि तेच एक परत लावावंसं वाटतं, बाकी प्रत्येक गाण्यात चांगला रिफ (गिटारची परत परत येणारी चाल) आहे पण तो रिफ चार वेळा वाजला की आपल्याला कळलेलं असतं, त्यांच्या ड्रमर लार्सला कळत नाही, तो अजून चार वेळा घेतो. कुणीतरी खोलीत बसून म्हणायला पाहिजे होतं की बास, पुढं चला.

बाय द वे ७२ सीझन्स म्हणजे माणसाची पहिली १८ वर्षं, वर्षाला चार ऋतू धरून. आपल्याकडं सहा धरतात, म्हणजे मेटॅलिकाचा गायक हेटफिल्ड मिरजेत जन्मला असता तर बाराव्या वर्षीच अल्बम संपला असता आणि लांबीचा प्रश्नच मिटला असता.

आणि प्रीस्टची अवस्था बघा. गायक हॅलफर्ड अल्बम आला तेव्हा ७२ वर्षांचा. गिटारवाल्या ग्लेन टिप्टनला पार्किन्सन, २०१८ लाच जाहीर केलं, टूरवर त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवतो. दुसरा गिटारवाला रिची फॉकनर, त्याची तर सप्टेंबर २०२१ ला अमेरिकेत स्टेजवरच छातीतली मेन रक्तवाहिनी फाटली, पेनकिलर हे गाणं चालू होतं, गड्यानं गाणं पूर्ण केलं आणि मग ओपन हार्ट सर्जरीला गेला. एवढं होऊन हा अल्बम. नाद खुळा.

तुमचं काय ते बोला, पण नुसतं मेडन इज मेडन लिहून पळू नका.

एडीचा_भाचा

मेडन इज मेडन.

आता पुढचं. लेका कात्री कात्री काय लावलंय, तुला गाडीत ऐकायला अल्बम पाहिजे म्हणून मेडनच्या बासवाल्या स्टीव्ह हॅरिसनं गाणी कापायची का? सेंजुत्सुची शेवटची तीन गाणी बघ, डेथ ऑफ द केल्ट्स, द पार्चमेंट आणि हेल ऑन अर्थ, तिन्ही एकट्या हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांच्या वर, मिळून ३४ मिनिटं होतात. लोकांनी याच्यावर लई शिव्या घातल्या. पण हेल ऑन अर्थ एकदा रात्री लाईट घालवून ऐक, सुरुवातीला नुसती शांत गिटार आणि बास, गडबड नाही, मग तीच चाल पुढं तीन गिटारवर येते, मग गॅलप, म्हणजे घोडदौडीचा ठेका सुरू होतो, आणि शेवटी परत सुरुवातीचीच शांत चाल. ती चाल शेवटी जी लागते ती मधली आठ मिनिटं ऐकलीत म्हणून लागते. मधलं कापलंस तर शेवटाला काय उरतं सांग.

पार्चमेंटचं मात्र मी पण समर्थन करणार नाही, ते खरंच दोन मिनिटं जास्त आहे.

आणि वयाचं म्हणशील तर मेडनचा गायक ब्रूस, त्याला पण कॅन्सर होऊन गेलाय, जिभेचा, आणि त्यानंतर तो हे गातोय. २००८ ला १ फेब्रुवारीला मुंबईत बीकेसीला आले होते तेव्हा हाच माणूस स्वतः विमान चालवत आलेला, टूरचा पहिलाच शो आपल्याकडं होता. मी तिथं होतो, आवाज काय असतो ते त्या दिवशी कळलं. आता ड्रमर निको पण गेला, म्हणजे आहे माणूस ठणठणीत, पण डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत शेवटचा शो वाजवून टूर सोडली. २०२३ ला स्ट्रोक आला होता, त्यातून परत बसला ड्रमवर आणि पुढं दीड-दोन वर्षं वाजवला. त्यामुळं सेंजुत्सुवर त्याचं वाजवणं आता मी वेगळंच ऐकतो, त्याला लांब बिंब काय म्हणू नका माझ्यासमोर.

मेटॅलिकाबद्दल सहमत. २०११ ला मिरजेतून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बंगळूरला गेलो होतो, ३० ऑक्टोबर, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले, बॅगेत चकली-करंज्या. दिल्लीकडचा शो आदल्या दिवशी-परवाच रद्द झाला होता म्हणून गाडीत पण धाकधूक, इथं पण होतोय का नाही. झाला. पॅलेस ग्राउंडवर चिखल आणि मास्टर ऑफ पपेट्स. तेव्हापासून त्यांना सगळं माफ आहे, फक्त सेव्हंटी-टू सीझन्समधलं इनामोराटा सोडून, ११ मिनिटं!

रिफवाला_विश्रामबाग

भाचे, तुमची ती ३४ मिनिटं चालतात आणि त्यांची ११ चालत नाहीत होय? बरं.

तारकाम_मिरज

दोघं पण मिनिटं मोजत बसलायसा, आवाजाबद्दल कुणी बोलंना. मी मिरजेत तंतुवाद्य दुरुस्तीत आहे, सतारी-तंबोरे हाताखालनं जातात, घरी आल्यावर ब्लॅक सबाथ आणि प्रीस्ट. लोकांना हे विचित्र वाटतं, मला नाही.

सेंजुत्सुचा खरा प्रॉब्लेम लांबी नाही, मिक्स आहे. तीन गिटार आहेत पण ब्लँकेट टाकून झाकल्यासारख्या, ब्रूसचा आवाज पण गर्दीत मागं. उलट इन्व्हिन्सिबल शील्ड अँडी स्नीपनं केलाय, तो स्वतः मेटलचा गिटारवाला, त्यामुळं दोन गिटार डावीकडं-उजवीकडं स्वच्छ वेगळ्या, बास पायाखाली, आणि हॅलफर्ड वर मोकळा. कात्री बित्री नंतर, कानाला थकवा येत नाही म्हणून तुम्ही शेवटपर्यंत ऐकता राव. मेटॅलिकाचा २००८ चा डेथ मॅग्नेटिक आठवतोय का, सगळं इतकं दाबून मोठ्ठं केलेलं की आवाज फाटायचा, लोक गिटार हिरो गेममधनं काढलेली व्हर्जन ऐकायचे कारण ती बरी होती. त्या मानानं सेव्हंटी-टू सीझन्स पुष्कळ सुधारलाय, बासवाल्या ट्रुहिओचा बास ऐकू तरी येतो.

आता जरा अवांतर. आम्ही तंबोऱ्याची जवारी काढतो म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती) वरचा भाग कानशीनं अगदी हलका उतरवत जायचा, इतका की तार सुटल्यावर घोडीला घासत घासत वाजली पाहिजे. घासली नाही तर आवाज मुका, जास्त घासली तर खरखर. मधली जागा सापडली की एका तारेतनं वरचे सगळे सूर उघडतात. गिटारचं डिस्टॉर्शन पण तेच काम करतंय, साध्या तारेवर वरच्या सुरांची झालर चढवतंय. आणि म्हणूनच हे मेटलवाले पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे नुसते सा आणि प, गंधार गाळलेला. डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की सगळा चिखल होतो. आमचा तंबोरा पण प-सा-सा-सा. इथं दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्र-रात्र गाणं चालतं, तिथं मागं बसून तंबोरा ऐका आणि मग घरी येऊन सबाथ लावा, मी काय म्हणतोय ते कळेल.

सबाथवरनं आठवलं, त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट इथल्या एमआयडीसीतल्या पोरांना सांगायला पाहिजे. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, १७ वर्षांचा, नोकरीचा शेवटचा दिवस, त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला बसवलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकाला गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. गड्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिक बाटली वितळवून टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा पातळ घातल्या, आणि पुढं १९७१ च्या मास्टर ऑफ रिअॅलिटीला तर तारा चक्क तीन अर्धस्वर खाली सैल केल्या म्हणजे बोटांना जोर कमी लागावा. तो जड आवाज तिथनं आला. आज प्रत्येक पोरगं गिटार खाली उतरवून वाजवतंय ते त्या प्रेसमुळं.

तासगावची_ब्लास्टबीट

काका लोक, जवारीचा भाग जाम भारी होता, सेव्ह करून ठेवलाय. पण बाकी धागा बघून असं वाटतंय की २०२० नंतर जगात फक्त सत्तरीतल्या लोकांनीच अल्बम काढले.

फ्रान्सचा गोजिरा बँड कुणालाच आठवला नाही का? २०२१ चा फोर्टिट्यूड घ्या, अॅमेझोनिया ऐका, दोन सख्खे भाऊ, एक गातो एक ड्रम, आणि मारिओचं ड्रमिंग ऐकलं की तुमच्या लार्सला घरी पाठवाल. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला हेच वाजवत होते, जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांत उभे राहून, आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर, आज्जीनं विचारलं ती बाई स्वतःचं मुंडकं हातात धरून गाणं म्हणतीय ती कोण, आणि मी पहिल्यांदा घरात मेटलवर भाषण दिलं. त्याच गाण्याला पुढं ग्रॅमी मिळालं. आज्जीचं मत, देवीच्या जागराला चालेल.

दुसरं, आपल्या देशातलं कुणीच नाही तुमच्या यादीत. दिल्लीच्या ब्लडीवूड बँडचा नू दिल्ली मार्च २०२५ ला आला, आठच गाणी, रिफवाला दादांची कात्री इथं लागलीय बघा. ढोल आहे, तडका नावाचं अख्खं गाणं जेवणावर आहे, बेखौफमध्ये जपानच्या बेबीमेटल आहेत. खरं सांगायचं तर मला आधीचा रक्षक जास्त आवडतो, त्यात राग खरा वाटतो, यात जरा फेस्टिव्हलला लोकांना उड्या मारायला लावायचा हिशेब आहे. पण गणपतीत डॉल्बीसमोर वाढलेल्या माणसाला ढोल आणि डबल बास ड्रम एकत्र छातीत बसले की काय होतं ते सांगायला नको. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा दशावतार पण ऐका, एकेका अवतारावर एकेक गाणं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत.

आणि माझा एक नंबर विचाराल तर स्वीडनचा ओपेथ बँड, द लास्ट विल अँड टेस्टामेंट, नोव्हेंबर २०२४. त्यांच्या गायक मिकाएल ऑकरफेल्टनं २००८ च्या वॉटरशेडनंतर अल्बमवर ग्राउल, म्हणजे घशातनं गुरगुरत गाणं, सोडून दिलं होतं, इतक्या वर्षांनी परत केलं. गाण्यांना नावंच नाहीत, कलम १, कलम २ असं कलम ७ पर्यंत, कारण अख्खा अल्बम म्हणजे मृत्युपत्राचं वाचन आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, मोठ्या वाड्याचा मालक मेलाय, पोरं जमलीत, आणि कागद वाचता वाचता कळतं की जुळी भावंडं त्याची नाहीतच, सगळी इस्टेट घरात वाढलेल्या त्या आजारी पोरीला. शेवटच्या गाण्याला तेवढं नाव आहे, आणि त्यात अजून एक पत्र येतं की ती पण त्याची नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढून झाल्यावर हे कळलं! आपल्या भागात याच्याइतका जवळचा विषय मेटलमध्ये आजवर कुणी घेतला नसेल.

एडीचा_भाचा

ताई, गोजिरा आणि मेडन एकाच वाक्यात नको, पण ओपेथची गोष्ट वाचून हसलो. आमच्या घरात कलम ७ च्या पुढं गेलंय प्रकरण. २०१९ ला पुण्यात वीकेंडर फेस्टिव्हलला ओपेथ आले होते तेव्हा मी मधूनच वडापाव खायला गेलो होतो, ग्राउल मला सहन होत नाही. कुठनं सुरुवात करू?

रिफवाला_विश्रामबाग

सबाथचा गायक ओझी, त्याच्यावर कुणी काही लिहिलं नाही अजून. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या विला पार्क स्टेडियमला सिंहासनावर बसून गायला, मेटॅलिका, गोजिरा, मॅस्टोडॉन सगळे आधी वाजवून गेले, आणि २२ जुलैला गेला. आमचे प्रीस्टच तेवढे नव्हते, त्याच दिवशी हॅनोव्हरला स्कॉर्पियन्सच्या कार्यक्रमात होते, म्हणून सबाथचं वॉर पिग्स रेकॉर्ड करून सोडलं त्यांनी. हॅलफर्डनं त्यात जो आवाज लावलाय, ७३ व्या वर्षी, ते ऐकून पण कुणाला सेंजुत्सु वर ठेवायचा असेल तर ठेवा.

बाकी तारकाम म्हणतात ते मिक्सचं पटलं. परवा दोन्ही अल्बम एकामागोमाग घरच्या स्पीकरवर लावून बघितले, मेडन खरंच कोंदटलेला वाटतो. तरी कात्री माझी कायम.

तासगावची_ब्लास्टबीट

@एडीचा_भाचा दादा, कलम ४ पासून करा. जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन त्यात बासरी वाजवतो, तुमच्या पिढीला ओळखीचं वाटेल. ते पचलं की मग पहिल्यापासून सलग, गाणी पुढंमागं करायची नाहीत, गोष्ट तुटते.

एडीचा_भाचा

बरं. सोमवारी वाटणीच्या कामाला तहसीलला जायचंय, तिथं दिवसभर बसणंच असतंय, ऐकतो.

तारकाम_मिरज

हेडफोन घालून ऐका, फोनच्या स्पीकरवर ग्राउल लागलं तर तलाठी सही न करताच पळंल.